मोरीवरची केळ काय खायची?

परसबागेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या आजोळी मोरीच्या पाण्यावर केळीचं बेट होतं. त्याला कुणी खत घातलेलं आठवत नाही, तरी पंगतीला पानं आणि वर्षाकाठी दोन-तीन घड ठरलेले. आता आमच्या आवारातल्या केळीला शेणखत झालं, गांडूळखत झालं, सालींचं पाणी झालं. पानं येतात, पण घड येतो तो बोटाएवढ्या केळ्यांचा. तिला नेमकं काय घालू?"

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आजोळच्या केळीला खत मिळत नव्हतं. ते खरं नाही. तिला रोज खत मिळत होतं, फक्त घालणाऱ्याला आपण खत घालतोय याचा पत्ता नव्हता. काय मिळत होतं आणि किती, हा हिशेब पुढे मांडणारच आहे. पण त्याआधी केळ वाढते कशी हे पाहायला हवं, कारण खताच्या बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

१. खोड जमिनीत, वर नुसती पानं

केळीला आपण सवयीनं झाड म्हणतो. प्रत्यक्षात ती लाकूड नसलेली, हळद-आल्याच्या दूरच्या नात्यातली वनस्पती आहे. जे खोड म्हणून दिसतं ते पानांच्या सोपांचं घट्ट गुंडाळलेलं भेंडोळं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदाच्या माथ्यावर, जवळजवळ जमिनीच्या पातळीला, वाढीचा कोंब असतो. प्रत्येक पान तिथं जन्मतं आणि आधीच्या पानांच्या नळीतून वर सरकत येऊन उलगडतं.

मुळंही कंदातूनच फुटतात. पांढरी, दोरीसारखी, आणि खोल जाण्यापेक्षा आडवी पसरणारी. त्यातली बरीचशी वरच्या फूटभर मातीतच असतात. बाजूला मात्र चार-पाच फुटांपर्यंत जातात. म्हणजे केळीचा सगळा कारभार उथळ मातीवर चालतो. वरची माती दोन दिवस वाळली की तिचं खाणं थांबतं, आणि धो-धो पावसात वरच्या थरातलं खत वाहून गेलं की खालून उचलायला मुळं पुरेशी नसतात. आंब्याला वर्षातून एकदा चर खणून खत दिलं तरी भागतं. केळीला भागत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. लागवडीपासून वर्ष-दीड वर्षात ती आठ-दहा फूट वाढते, एकदाच घड देते आणि संपते. दुसऱ्या हंगामात चूक सुधारायची सोय तिच्याकडे नाही. पुढचा घड येतो तो तिच्या पिलाला.

२. तीन अन्नद्रव्यं, पण भूक सारखी नाही

वनस्पतींना लागणाऱ्या अन्नद्रव्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही मोठी तीन. पालाशला बाजारात सगळे पोटॅश म्हणतात, आपणही तेच म्हणू.

नत्रावर पानं वाढतात. नत्र कमी पडलं की पान फिकट होतं, देठाला गुलाबी झाक येते आणि नवं पान यायला उशीर लागतो. स्फुरद मुळांच्या सुरुवातीच्या वाढीला हवं. केळीला ते तुलनेनं फार थोडं लागतं आणि एकदा लागवडीच्या सुमारास दिलं की पुरतं.

पोटॅशचं प्रकरण निराळं आहे. पानात तयार झालेली साखर घडापर्यंत वाहून नेणं, पानांवरची रंध्रं उघडणं-मिटणं, पेशींत पाणी धरून ठेवणं ही कामं त्याच्याकडे आहेत. भरलेलं, टपोरं केळं म्हणजे मुख्यतः पाणी आणि पिष्ट, म्हणून पोटॅशचा तुटवडा सगळ्यात आधी घडात दिसतो. फणी असते, केळ्यांची संख्याही असते, पण केळी भरत नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याची "बोटाएवढी केळी" ती हीच असण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः पानं हिरवीगार असताना. शेणखत आणि गांडूळखत मोजकं घातलं तर पानांपुरतं नत्र मिळतं, पण घडापुरता पोटॅश त्यातून निघत नाही.

३. पिशवीवरचा आकडा वाचायचा कसा

खताच्या दुकानात तीन साधी खतं मिळतात. युरियावर ४६ असं लिहिलेलं असतं: १०० ग्रॅम युरियात ४६ ग्रॅम नत्र. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे दुकानदार ज्याला बहुधा लाल पोटॅश म्हणून देतो ते, त्यात ६० टक्के पोटॅश. १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत असेल तर तिन्ही द्रव्यं प्रत्येकी १९ टक्के.

आता गरज किती ते पाहू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस एका केळीला पूर्ण आयुष्यात २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पोटॅश अशी आहे. शेणखत याशिवाय. खताच्या भाषेत हे झालं सुमारे ४३५ ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ३३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. कागदावर पडताळून पाहा: ४३५ चे ४६ टक्के म्हणजे २००, २५० चे १६ टक्के म्हणजे ४०, ३३० चे ६० टक्के म्हणजे १९८.

हे जळगावच्या शेतकऱ्याचं माप आहे. रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात घडाचं वजन म्हणजे वर्षाचं उत्पन्न, आणि ठिबकचं पाणी हाताशी असतं. अंगणातल्या दोन केळींना एवढं घालायलाच हवं असं नाही. पण आपण घालतो ते या मापाच्या जवळपास तरी जातं का, हे ताडून पाहायला ही मोजपट्टी उपयोगी आहे.

आधी सालींचं पाणी घेऊ, कारण हल्ली त्याची फार चलती आहे. केळ्याच्या सालीत पोटॅशियम असतं यात शंका नाही. पण साल बहुतांशी पाणी. एका सालीत उदारपणे अर्धा ग्रॅम पोटॅशियम धरू. पिशवीवरचा पोटॅशचा आकडा ऑक्साइडच्या रूपात लिहायची पद्धत आहे. त्यात प्रत्यक्ष पोटॅशियम ८३ टक्के. म्हणजे २०० ग्रॅम पोटॅश म्हणजे १६६ ग्रॅम पोटॅशियम. भागाकार केला तर एका केळीसाठी ३३२ साली लागतील, आणि तेही सालीतलं सगळं पोटॅशियम पाण्यात उतरलं तर. चार साली दोन दिवस बादलीत भिजवून ते पाणी ओतणं म्हणजे झाडाला पाणी घालणं, एवढंच. साली खड्ड्यात टाका, कुजू द्या, वाया जाणार नाहीत. पण त्यांच्या भरवशावर घडाची वाट पाहू नका.

आता मोरीचा हिशेब. चुलीच्या काळात भांडी राखेनं घासली जात. लाकडाच्या राखेत साधारण ३ ते ७ टक्के पोटॅश असतं, आणि ते पाण्यात चटकन विरघळणारं. समजा, भांड्यांना रोज ५० ग्रॅम राख लागली. वर्षाची झाली १८ किलो. पाच टक्क्यांनी तीत ९०० ग्रॅम पोटॅश. त्यातलं अर्धं इकडेतिकडे गेलं असं मानलं तरी ४५० ग्रॅम राहिलं: विद्यापीठाच्या मापानं दोन केळींची पूर्ण वर्षभराची सोय! त्याच पाण्याबरोबर तांदळाचं धुवण, खरकट्यातली शितं, भाजीचं पाणी. न्हाणीघरात लहान मुलं काय करतात ते सांगायला नको. त्यातही युरियाच असतो. आणि हे सगळं रोज थोडं थोडं, पाण्यात मिसळून, थेट उथळ मुळांपाशी. आज ठिबकमधून खत देणारा बागायतदार पैसे मोजून जे करतो, ते त्या मोरीवर फुकट चालू होतं.

४. घड दिसतो तेव्हा ठरून गेलेला असतो

या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. केळफूल वर डोकावलं की घरात आनंद होतो आणि कुणीतरी उत्साहानं घमेलंभर खत आणून ओततं. त्या खतानं फण्यांची संख्या एकानंही वाढत नाही.

कारण घडाचा जन्म जमिनीच्या पातळीला, त्या कंदाच्या माथ्यावर, कुणाला न दिसता आधीच झालेला असतो. ग्रँड नैन किंवा बसराईसारख्या ठेंगण्या जातींत हे लागवडीनंतर साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात घडतं. तोवर पानं काढणारा कोंब पानं काढायचं थांबवतो आणि फुलाकडे वळतो. मग तो दांडा सोपांच्या नळीतून वर चढू लागतो. बाहेर यायला त्याला आणखी दोन-तीन महिने लागतात. दरम्यान जी पानं उलगडताना दिसतात ती आधीच आत तयार झालेली असतात, म्हणून बाहेरून काहीच बदललेलं वाटत नाही. शेवटी एक आखूड पान येतं आणि त्याच्या मागोमाग केळफूल. जळगावकडे याला केळ निसवली म्हणतात.

स्वेटर विणणारीला हे लगेच कळेल. सुईवर टाके किती घालायचे ते पहिल्या ओळीलाच ठरतं. नंतर लोकर कितीही महाग आणली तरी रुंदी वाढत नाही, वीण भरदार होते इतकंच. किती फण्या आणि फणीत किती केळी हे आत ठरून गेलेलं असतं. निसवल्यावर आपल्या हाती उरतं ते केळं भरवणं.

त्याच्याही पुढची गोष्ट: निसवल्यावर केळीला नवीन पान येत नाही. त्या क्षणी जी पानं अंगावर असतील तेवढ्यांनीच पुढचे तीन-साडेतीन महिने घड पोसायचा. चांगली, हिरवी आठ पानं तरी हवीत. दहा-बारा असली तर उत्तम. म्हणजे खत खरं तर घडाला नसतंच. ते पहिल्या चार-पाच महिन्यांतल्या पानांना असतं, आणि पानं पुढे घड देतात. केळीची पहिल्या पाच महिन्यांची उपासमार पुढे कशानंही भरून निघत नाही.

राजेळी, वेलची अशा उंच जातींना जास्त वेळ लागतो, आणि पिलापासून लावलेल्या केळीला ऊतिसंवर्धित रोपापेक्षा अधिक. त्यामुळे महिन्यांचे आकडे घोकू नका. पानं मोजा. उन्हाळी उबेत सुस्थितीतली केळ आठ-दहा दिवसांनी एक पान काढते. नवं पान उलगडलं की त्याच्या देठावर खुणेच्या पेननं तारीख टाकायची. तारखांमधलं अंतर उबदार हवेतही पंधरा दिवसांवर गेलं तर पाणी किंवा खत, काहीतरी कमी पडतंय. थंडीत अंतर वाढणारच. पारा बारा-तेरा अंशांखाली गेला की केळ जवळजवळ थांबते, तेव्हा खतही थांबवावं.

५. घरच्या केळीचं वेळापत्रक

विद्यापीठाच्या वेळापत्रकात सुपर फॉस्फेट सगळं पहिल्या महिन्यात. युरिया सात हप्त्यांत: ३०, ७५, १२० आणि १६५ व्या दिवशी प्रत्येकी ८२ ग्रॅम, नंतर २१०, २५५ आणि ३०० व्या दिवशी ३६ ग्रॅम. पोटॅश ८३ ग्रॅमचे चार हप्ते: ३०, १६५, २५५ आणि ३०० व्या दिवशी. नीट पाहिलं तर मागच्या भागातली गोष्ट यात दडलेली दिसेल. तीन-चतुर्थांश युरिया साडेपाच महिन्यांच्या आत संपतो, कारण पानं तेव्हा हवीत. पोटॅश मात्र घड भरेपर्यंत चालू राहतं.

घरासाठी मी हे सोपं करतो. लागवडीच्या खड्ड्यात आणि पुढे तीन-चार महिन्यांनी मिळून वीस किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट. शेणखतात अर्धा टक्का नत्र आणि तेवढंच पोटॅश धरलं तर वीस किलोंतून १०० ग्रॅम नत्र आणि १०० ग्रॅम पोटॅश. ही झाली निम्मी गरज, निदान कागदावर. शेणखत सावकाश सुटतं, सगळं पहिल्याच वर्षी मिळत नाही. उरलेल्या निम्म्यासाठी दर महिन्याला ३० ग्रॅम युरिया आणि २५ ग्रॅम लाल पोटॅश, सात महिने. शिवाय सुरुवातीला एकदाच सव्वाशे ग्रॅम सुपर फॉस्फेट. निसवल्यावर युरिया बंद, पोटॅश आणखी दोन वेळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा वजन करून एखाद्या जुन्या बाटलीच्या झाकणाला खूण करून ठेवली की दर महिन्याला काटा काढावा लागत नाही.

महिन्याला द्यायचं ते दोन वाटे करून पंधरवड्याला दिलं तर अधिक बरं. तीन महिन्यांचं एकदम देणं मात्र अजिबात नको. उथळ मुळं करपतात, आणि उरलेलं पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला मिळतं. कोकणात जुलैच्या झडीत खत देणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, शब्दशः. तिथं मृगाआधी एक हप्ता, मग पाऊस उघडीप देईल तेव्हा लहानसा, आणि सप्टेंबरपासून पुन्हा नियमित.

रासायनिक खत घरात आणायचंच नाही असं ज्यांचं ठरलं आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांनी शेणखत दुप्पट करावं, निंबोळी पेंड महिन्याला मूठ-दोन मुठी द्यावी, आणि पोटॅशसाठी राखेचा विचार करावा. जीवामृत जरूर द्या, मातीतल्या जिवाणूंना त्याचा उपयोग होतो. पण त्यात अन्नद्रव्यांचं वजन फार थोडं असतं, ते शेणखताच्या जागी चालत नाही.

६. कुठं टाकायचं

बुंध्याला चिकटून नाही. लहान रोपाला वीतभर लांब, मोठ्या केळीला फूट-दीड फूट लांब, गोल कड्यासारखं पसरायचं. कुदळीनं खोल खणायचं नाही, मुळं तुटतात. खुरप्यानं दोन बोटं माती हलवायची, खत टाकायचं, मातीनं झाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. युरिया उघडा राहिला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो, काळ्या चुनखडीच्या जमिनीत तर फारच. त्यावर वाळलेली पानं, उसाचं पाचट, नारळाच्या झावळ्या, जे मिळेल ते पसरावं. ओल टिकली की मुळं वरच्या थरात खुशाल पसरतात, आणि खत तिथंच असतं.

ताजं शेण टाकू नये. ते कुजताना तापतं आणि हुमणीच्या अळ्यांना आमंत्रण देतं.

गच्चीवरच्या ड्रममधल्या केळीला हीच तत्त्वं लागू, फक्त मापं बारीक. अर्ध्या ड्रममध्ये मुळांना पळायला जागा नाही, त्यामुळे क्षार साचतात. विद्राव्य खत लिटरला दोन-तीन ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी, आणि महिन्यातून एकदा तळातून वाहीपर्यंत साधं पाणी. तिथं लाल पोटॅशऐवजी ०:०:५० म्हणून मिळणारं सल्फेटचं पोटॅश वापरावं, कारण लाल पोटॅशमधलं क्लोराइड कुंडीत अडकून बसतं.

७. राख सगळीकडे चालत नाही

मोरीचा हिशेब वाचून कुणी लगेच राखेच्या गोणी शोधायला निघेल, म्हणून हे सांगतो. राख क्षारधर्मी असते. कोकण-गोव्याच्या तांबड्या, जांभ्या दगडाच्या जमिनी आम्लधर्मी. तिथं राख पोटॅशही देते आणि आम्लताही उतरवते. केळीमागे महिन्याला दोन मुठी खुशाल टाकाव्यात. देशावरच्या, खानदेश-मराठवाड्याच्या काळ्या जमिनी मुळातच क्षाराकडे झुकलेल्या. तिथं राखेचा मारा केला तर लोह आणि जस्त मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात. तिथं लाल पोटॅशच बरं. राख आणि युरिया एकत्र कालवून तर कुठंच टाकू नये. अमोनिया नाकाला जाणवतो, तो तुमच्या पैशांचा वास असतो.

राख लाकडाची, गोवरीची, नारळाच्या करवंट्यांची. दगडी कोळशाची किंवा कचरा-प्लास्टिक जाळलेली चालणार नाही.

८. आणि आजची मोरी?

"मग आम्हीही सांडपाणी केळीला सोडतो की!" असं पुष्कळ जण सांगतात. पण त्या पाण्यात आता राख नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, आणि केळ खारटपणा सोसणाऱ्यातली नाही. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागतात. घरातली माणसं ती उन्हाची झळ समजतात आणि पाणी आणखी वाढवतात, तेच पाणी. वॉशिंग मशीनचं पाणी केळीपासून दूरच ठेवावं. तांदूळ-डाळीचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, साध्या आंघोळीचं पाणी चालेल, फक्त ते बुंध्यापाशी तुंबता कामा नये. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांना सोन्याचं खत घातलं तरी ती उचलत नाहीत.

९. खताला वाटेकरी किती

अंगणातल्या केळीचा घड बारका राहण्याचं सगळ्यात साधं कारण बऱ्याचदा खतात नसतंच. एका बुडख्यावर सात-आठ पिलं उभी असतात आणि मालक कौतुकानं "किती फुटलीय!" म्हणत असतो. जळगावकडे ज्यांना मुनवे म्हणतात ती ही पिलं सुरुवातीला आईच्याच कंदावर जगतात. घातलेल्या खताचे तितके वाटे होतात.

बेटात तीनच ठेवावीत: एक घडाला आलेली, एक अर्ध्या उंचीची, एक नुकती निघालेली. ठेवायचं पिलू अरुंद, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचं निवडावं. त्याचा कंद जोरकस असतो. लहानपणीच रुंद पानं काढणारं पिलू दिसायला गोंडस, पण कंदाशी त्याचं नातं कच्चं. बाकीची जमिनीलगत कापून टाकावीत, पुन्हा फुटली की पुन्हा.

दुसरा वाटेकरी आपणच. गणपती, गौरी, सत्यनारायण, श्राद्ध, मुलांच्या वाढदिवसाची पंगत. केळीचं पान हवंच. एक पान कापलं म्हणजे त्या पानात गेलेलं नत्र आणि पोटॅश कापून नेलं, आणि घड पोसणारं पान गेलं ते वेगळंच. आठ पानांचा हिशेब आठवा. श्रावण-भाद्रपदात निसवायला आलेल्या केळीची चार पानं नैवेद्याला गेली तर डिसेंबरात केळी का भरली नाहीत हे विचारायला नको. जागा असेल तर पानांसाठी एक बेट वेगळं ठेवावं आणि त्याला युरिया जरा सढळ हातानं द्यावा. नसेल तर एका केळीचं एका वेळी एकच पान, तेही घडावर नसलेल्या केळीचं. वाऱ्यानं चिरलेलं पान कुणी मागत नाही, पण केळीला ते चालतं. चिरलं म्हणून काढू नये.

फण्या संपल्यावर दांड्याच्या टोकाशी राहिलेलं केळफूल मात्र जरूर कापावं. भाजी होते आणि त्याच्याकडे जाणारं अन्न फण्यांकडे वळतं.

१०. पान पाहून ओळखायचं

सगळ्यात खालचं पान पिवळं पडून लोंबलं की लोक घाबरतात. ते म्हातारं पान असतं, त्याचं काही करायचं नाही. वाळून खाली आलं की कापून बुडाशी टाकावं.

पण खालची तीन-चार पानं एकदम, टोकाकडून आणि कडेकडून नारिंगी-पिवळी होत जाऊन मधोमध मोडल्यासारखी खाली पडू लागली तर पोटॅश कमी आहे. झाड जुन्या पानांतला पोटॅश काढून नव्या पानांना आणि घडाला देतं, म्हणून फटका जुन्यांना. सगळीच पानं फिकट आणि वाढ मंद, तर नत्र. कडा आणि मधली शीर हिरवी, पण दोहोंमधला पट्टा पिवळा आणि देठावर जांभळट डाग, तर मॅग्नेशियम. आणि हे पोटॅशचा अतिरेक झाल्यानंही होतं, कारण मुळांशी या दोघांची चढाओढ असते. मॅग्नेशियम सल्फेट वीस-पंचवीस ग्रॅम, आणि पोटॅशला महिनाभर सुट्टी. कोवळी पानंच पिवळी, जुनी हिरवी, तर लोह. काळ्या जमिनीत हे नेहमीचं.

काही खुणांवर मात्र खताची पिशवी उघडूच नये. कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे-ठिपके आणि पान वेडंवाकडं, हा बहुधा विषाणूचा रोग. जळगावच्या बागांत त्याला हरण्या म्हणतात. पानं आखूड, ताठ होऊन शेंड्याला झुपका, हा पर्णगुच्छ. दोन्ही रोग मावा पसरवतो आणि दोन्हींवर औषध नाही. कंदासकट उपटून काढणं एवढाच इलाज, नाहीतर शेजारच्या केळी जातात. त्या जागचं पिलू दुसऱ्या कुणाला देण्याची उदारताही दाखवू नये.

११. घड उतरवल्यावर

घड कापला की उरलेला बुंधा लगेच मुळापासून तोडून अंगण स्वच्छ करायची घाई असते. थोडं थांबावं. त्या बुंध्यात पाणी आहे, पोटॅश आहे, आणि पिलू अजून त्याच कंदाला जोडलेलं आहे. वरची पानं आणि शेंडा उतरवावा, बुंधा पुरुषभर उंच तसाच ठेवावा. पुढचा महिना-दोन महिने त्यातलं द्रव्य कंदातून पिलाकडे उतरत राहतं. बुंधा मऊ पडून काळवंडला की कोयत्यानं हातभर लांबीचे तुकडे करून उभे चिरावे आणि पिलाभोवती पसरावे, उघडी बाजू जमिनीकडे. सोंडकिडीचा त्रास असलेल्या ठिकाणी तुकडे आणखी बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात घालावेत, बागेत ठेवू नयेत.

पिलाचा पहिला हप्ता मात्र बुंधा कुजायची वाट न पाहता द्यायचा. घड उतरेपर्यंत ते कमरेएवढं झालेलं असेल, तर त्याच्या कोंबात घड ठरायला फार दिवस उरलेले नसतात. त्याचं कडं आखायचं, ३० ग्रॅम युरिया, २५ ग्रॅम पोटॅश, वर माती आणि पाणी. आणि देठावर नवी तारीख.